सत्त्याऐंशी फेरफार आणि एक सातबारा

"टाकू नकोस म्हणतो ना."

"बाबा, त्या सत्त्याऐंशी फायलींचं सगळं मी एका फायलीत आणलंय. जुन्या ठेवून काय लोणचं घालू?"

"घाल. पण टाकू नकोस."

"हे तुमचं तलाठ्याचं दप्तर नाही."

"दप्तर ते दप्तरच गो."

ऋजुता आठल्ये, वय सव्वीस. रत्नागिरीतल्या घरात स्वयंपाकघरामागची खोली हे तिचं ऑफिस, आणि एकतीस वर्षं तलाठी राहून निवृत्त झालेले हरिहरराव हे तिथले बिनपगारी टीकाकार. बरोबरची मुलं पुण्याला गेली. ही राहिली, आणि २००५ साली राजापूरच्या बागायतदार मंडळासाठी तिनं एक प्रोग्रॅम लिहिला. कोणाची बाग, कलमं किती, फवारणी कधी, कसली. कोणी म्हणे, "ताई, मोहोराची तारीख पण घाला." मग एक रकाना वाढे. प्रत्येक बदलाची एक छोटी फाईल, तिला नंबर, आणि कुठले नंबर चालून झाले याची वही कॉम्प्युटर स्वतःच ठेवी. तीन वर्षांत असे सत्त्याऐंशी बदल झाले.

आता हेदवीच्या लोकांनाही तो प्रोग्रॅम हवा होता. तिथल्या कोऱ्या मशीनवर सत्त्याऐंशी फायली ओळीनं चालवताना एकेचाळिसावी अडली, म्हणून ऋजुतानं सगळ्यांची मिळून एकच केली. हेदवीचं काम चुटकीसरशी झालं. पुढचे बदल दोन्हीकडे सारखेच लागावेत म्हणून तीच फाईल तिनं राजापूरच्या माहितीच्या नकलेवर चालवली, तर मशीन म्हणालं, हे माहितीचे तक्ते आधीच आहेत. तिनं वैतागून लिहिलं, असतील तर पुसून नवे कर. मशीननं निमूट केले. तक्ते नवेकोरे, आणि आत एकही बाग नाही.

नक्कल होती म्हणून निभावलं. पण सोमवारी राजापूरच्या खऱ्या मशीनवर बसायचं होतं. तिथं चारशे बारा बागांची तीन वर्षांची फवारणी होती. ती गेली असती तर मंडळ पुन्हा वह्यांकडे वळलं असतं आणि ऋजुता पुण्याला. भाऊ अपूर्वनं तिथं नोकरी हेरूनच ठेवली होती.

"तुम्ही काय करायचात?" तिनं शेवटी विचारलं. चहा समोर निवला होता.

हरिहरराव याचीच वाट बघत होते. "दहा वर्षांनी सातबारा भरून गेला की नवा लिहायचा. सगळ्या फेरफारांअंती आज काय उरलंय, तेवढंच नव्या कागदावर. कडेला जुन्या फेरफारांचे नंबर. नवा सातबारा लिहिला म्हणून कोणी जमीन नांगरून पुन्हा पेरत नाही."

ऋजुतानं निवलेला कप बाजूला सरकवला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे राजापूरला नवी फाईल चालवायचीच नाही. नुसता तिचा नंबर वहीत मांडायचा, झाली म्हणून."

"ते तू जाण. पण आधी शेवटचा फेरफार लागलाय का ते बघ. अर्धवट कागदावरून नवा लिहिला की कुणाचा तरी हिस्सा जातो."

"लागलेत सगळे. मीच पाठवलेत."

"पाठवलेस. लागलेले बघितलेस काय?"

"अहो, दोघं एकच सांगताय आणि भांडताय," ऋजुताची आई कुसुमताई आतून म्हणाल्या. "कोणीतरी नारळ खवून द्या."

ऋजुतानं पुटपुटत जुन्या फायली सीडीवर घेतल्या आणि सोमवारी सकाळची एसटी धरली.

राजापूरला मंडळाचे सचिव भागोजी एक नवी जाड वही मांडीवर घेऊन बसले होते. "तुमच्यावर विश्वास नाही असं नव्हे हां, ताई. नुसती आणून ठेवलीय."

ऋजुतानं आधी सगळ्या माहितीची नक्कल काढली, मग मशीनची नोंद उघडली. शेवटचा नंबर चौऱ्याऐंशी.

"भागोजीकाका, ऑक्टोबरात मशीन बंद होतं?"

"बंद कसलं. रंग काढला ना ऑफिसला. पंधरा दिवस गोणपाटात बांधून ठेवलेलं, डाग पडेल म्हणून."

नेमक्या त्याच दिवसांत पाठवलेल्या तीन फायली लागल्याच नव्हत्या. तिनं पिशवीतली सीडी काढली. पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी. तिन्ही लागल्या. मग नव्या फाईलचा नंबर हातानं नोंदीत मांडला आणि डोळे बारीक करून बागांची यादी उघडली. चारशे बारा.

"आमच्या गोदेची कलमं बघा हो," भागोजी खुर्ची ओढत म्हणाले. गोदा म्हणजे त्यांची बायको. "सव्वीस असायला हवीत."

"सव्वीस. परवाची फवारणी पण आहे."

भागोजींनी वही उचलून तिच्या पिशवीत घातली. "ही तुमच्या बाबांना द्या. आम्हाला नको आता."

संध्याकाळी घरी येऊन तिनं पहिला फोन अपूर्वला केला. "नोकरी दुसऱ्या कुणाला दे. मला हेदवीला जायचंय." मग पडवीत येऊन वही हरिहररावांच्या हातात ठेवली.

"तीन लागायचे राहिले होते, बाबा."

"हं." त्यांनी वहीचा वास घेतला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"पण एक सांगा. तुम्हाला नेमकं तेच कसं सुचलं? तुमच्या हातून कधी गेला होता काय कुणाचा हिस्सा?"

कुसुमताई खवणीवरून वर बघू लागल्या. हरिहररावांनी वही काखोटीला मारली, वहाणा पायात सरकवल्या आणि पोफळीला पाणी सोडायला निघून गेले.