दोन देवकांचं घर

भुसारी दरवाजातून बाहेर पडायलाच इतका वेळ लागला की मला वाटलं, आपला प्रवास अमरावतीतच संपतो. समोरून कापसाच्या गाड्या आत येत होत्या, एकीमागे एक, आणि आमच्या छकड्याला (दोघातिघांपुरती हलकी बैलगाडी) वाट द्यायला कोणी तयार नव्हतं. परकोटाच्या भिंतीला, कडुनिंबाला, दरवाजातल्या फकिराच्या दाढीला, जिकडे पाहावं तिकडे कापूस चिकटलेला. सातासमुद्रापार कुठे लढाई लागली आणि आमच्या गावाला हे पांढरं वेड लागलं. लढाई मिटली म्हणतात, भावही उतरत चाललेत, पण वेड काही उतरत नाही. गाडीवान ओरडत होते, माझे दीर त्यांच्यावर ओरडत होते, आणि मी आत बसून पदराचं टोक पिळत होते.

कशाला निघाले ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारीला आगगाडीची हौस आली.

गणपत माझा एकुलता लेक. सून तापात गेली, आणि तेव्हापासून तो मोट हाणतो, वाफ्यांना पाणी सोडतो, जेवतो, झोपतो, पण बोलत नाही. मोटेवर गाणी म्हणायचा, ती बंद झाली. या हंगामात अकोल्याकडची रखमा आमच्या शेजारी मावशीकडे वेचणीला आली. तीही लहानपणी विधवा झालेली, आता चांगली तिशीतली बाई, हाताला चपळ, तोंडाला त्याहून. एके दिवशी मी वांगी तोडत होते आणि मोटेवरून गाणं ऐकू आलं. मी तशीच उभी राहिले. आम्हा माळ्यांत पाट (विधवेचं दुसरं लग्न) लागतो, त्यात कमीपणा नाही. बोलणं झालं, शब्द दिला, शब्द घेतला. रखमा आपल्या गावी गेली आणि चारच दिवसांत तिच्या काकाचा निरोप आला. तुम्ही राऊत, आम्हीही राऊत. तुमचा कोणी कान्हू आमच्या पिंपळगावच्या घरातून अमरावतीला गेला असं इथली म्हातारी माणसं म्हणतात. एका घरचे निघालो तर ही दोघं बहीणभाऊ झाली. खात्री करा.

कान्हू म्हणजे माझ्या दिरांचे आजोबा. दीर, सखारामभाऊजी, मालक गेल्यापासून घरातले कर्ते. माणूस वाईट नाही, पण एका गोष्टीचा फार ताठा. आमचा आजा पिंपळगावचा जमिनीचा धनी होता आणि मोठ्या मनाने भावाला सगळं सोडून रिकाम्या हाताने निघाला, ही गोष्ट ते येईल त्याला सांगतात. याच गोष्टीवर पोळ्याला आमच्या वाडीत त्यांच्या बैलांचा मान पहिला. आता ती गोष्ट खरी मानली तर कान्हू त्या घरचा मुलगा, म्हणजे भाऊकी, म्हणजे पाट बुडाला. ते मला म्हणाले, “भाऊकी निघाली त संपलं, वैनी. मंग एक शब्द बोलाचा नाई.” मोटेवरचं गाणं त्याच दिवशी पुन्हा थांबलं.

मी म्हटलं, कुठेतरी लिहिलेलं असेल, ते मी डोळ्यांनी पाहीन. मला वाचता येतं बरं का. आमच्या मळ्यालगत कापसाच्या गाठी पडतात, त्यांवर व्यापारी आपापली अक्षरं रंगवतात. फुलं विकता विकता ती जुळवत गेले आणि एक दिवस वाचू लागले. नुकतीच सरकारने सगळ्या वऱ्हाडाची शिरगणती केली होती. त्याचे कागद अकोल्याच्या कचेरीत आहेत असं कळलं. निघालो.

बडनेऱ्याला आगगाडी आली तरी आम्हाला चढू देईनात. आधी गाठी चढल्या, मग माणसं. तोवर आम्ही उन्हात बसलो. रखमाच्या घरी न्यायला मी झेंडूच्या माळा आणि वांगी घेतली होती. माळा एका बकरीने खाल्ल्या आणि वर माझ्याकडे अशी पाहत उभी राहिली की जणू मीठ मागते आहे. शेजारी मोठ्या मुंडाशाचा एक शेतकरी चिलीम ओढत होता. त्याने सहज विचारलं, “कोनते राऊत तुमी?” झालं, भाऊजींनी आजोबांची सगळी गोष्ट लावली. जमीन, विहीर, भाऊ, मोठं मन. शेतकरी मान डोलवत राहिला. मी बकरीकडे बघत राहिले. ती गोष्ट मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे, पण त्या दिवशी तिचा एकेक शब्द माझ्या लेकाच्या ताटातून घास उचलत होता.

गाडीत दाटी, कोळशाची कुसं डोळ्यांत. बाहेर काळी जमीन, वेचून झालेल्या पऱ्हाट्या, मधूनच पेटल्यासारखा पळस. मूर्तिजापूरला एक बाई दोन लेकरं घेऊन चढली आणि बसल्या बसल्या मला फुटाणे दिले. मग विचारपूस. मी शिरगणतीचं सांगितलं तशी ती हसली. मोजणारा आला तेव्हा तिने धाकट्याला कणगीमागे लपवून ठेवलं होतं. मोजलेलं लेकरू टिकत नाही, असं तिची सासू सांगते.

“लेकरं का मोजाची वस्तू होय? अन् तुमी कागदात मानसं पाहाले चालल्या. मानसं त मानसात पाहा ना, बुढे.”

मला राग आला. पण तिचे फुटाणे तोंडात होते.

अकोल्याला मोर्णा नदी ओलांडून कचेरीत गेलो. कारकुनाने आधी आम्हाला ताटकळत ठेवलं, मग माझं म्हणणं ऐकून हातातली लेखणी खाली ठेवली. तो म्हणाला, बाई, सरकारने डोकी मोजली, नावं नाही. माळी किती, नांगर किती, विहिरी किती, एवढंच. मी विचारलं, म्हणजे यात मी कुठे? त्याने एका आकड्यावर बोट ठेवलं. त्या आकड्यात अमरावतीच्या सगळ्या बाया होत्या, मी आणि माझ्या शेजारची भांडकुदळ गोदासुद्धा. पण माणूस भला निघाला. मोगलाईत घरपट्टीसाठी गावोगाव खानेसुमारी (घरांची मोजणी) होत असे, त्यात नावं असतात, पिंपळगावची इथल्या देशपांड्यांच्या घरी असेल, असं त्याने सांगितलं आणि वाटही दाखवली.

देशपांडे पंत ओसरीवर बसले, आम्ही अंगणात. त्यांनी माळ्यावरून लाल फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे काढवले. धूळ इतकी की पंत शिंकत आणि वाचत, वाचत आणि शिंकत. कागद मोडीतले. माझी गाठींवरची अक्षरं तिथे काहीच कामाची नव्हती. मी पंतांच्या ओठांकडे बघत बसले. शेवटी त्यांनी वाचलं, घर तुकोजी राऊत, माळी. पुरुष तुकोजी, हरबा, कान्हू. बायका तीन. बैल चार. विहीर एक.

हरबा हा रखमाचा पणजोबा. कान्हू माझ्या गणपतचा.

“सरळ आहे,” पंत म्हणाले. “बाप आणि दोन मुलगे.”

मी विचारलं, त्या तीन बायकांची नावं? ते म्हणाले, बायकांची नावं लिहीत नसत. कागद पुन्हा फडक्यात गेले. भाऊजी खरे ठरले होते, पण खऱ्या ठरलेल्या माणसाचा इतका पडका चेहरा मी पाहिला नव्हता. “मी म्हनत होतो,” एवढंच म्हणाले आणि पागोटं काढून पुन्हा बांधू लागले.

त्यांना तिथूनच परत फिरायचं होतं. मी हटून बसले. शब्द समोरासमोर बसून घेतला, तो तिच्या घरी जाऊनच परत करायचा, निरोप्याच्या तोंडी नाही. दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीने पिंपळगावला गेलो. वाट कापसाच्या गाड्यांनी खोल चिरलेली, हाडं खिळखिळी झाली. मी मनात वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. बाई, तुझं माझ्या लेकाशी नातं निघालं, म्हणून नातं होत नाही. हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

रखमा दारातच होती. तिने माझ्या डोक्यावरची वांग्यांची टोपली उतरवून घेतली, माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता आत गेली. काका शेतावर होता. घरात तिची आत्या, भागाबाई, माझ्याहून थोरली, दात गेलेली, आवाज मात्र खणखणीत. आल्या पाहुण्याला आधी जेवू घालायचं, बोलायचं मागून. भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा. रखमाच्या भावाचं लग्न नुकतंच झालेलं, त्यासाठीच आत्या सासरहून आली होती, मांडव अजून उभा होता. आम्ही त्याखालीच जेवायला बसलो. घास गिळत नव्हता म्हणून मी वर बघत होते, आणि मांडवाच्या मुख्य खांबाला बांधलेली वाळकी डहाळी मला दिसली. मी माळीण आहे. पान वाळून चोळामोळा झालं तरी ओळखते. जांभूळ.

“आत्याबाई,” मी म्हटलं, “जांभूळ काहून बांधलं?”

“काहून म्हंजे? देवक होय आमचं. तुमच्यात बांधत नाईत का?”

“बांधतो. शमी.”

भाऊजींचा हात ताटात थांबला.

देवक म्हणजे कुळाचं झाड. बापाकडून लेकाला येतं. माणूस गाव बदलेल, धंदा बदलेल, लोक आडनावही बदलतील, पण देवक बदलत नाही. सख्ख्या भावांची देवकं दोन असूच शकत नाहीत. पहिल्या लग्नात सोयरीक बोलताना आधी देवक विचारतात. पाटाला देवक बसवत नाहीत, म्हणून आमच्यात कोणी विचारलंच नव्हतं. तिच्या काकानेही नाही, आम्हीही नाही. चांगली शहाणी माणसं आम्ही, कागद धुंडत अकोल्याला गेलो.

मी भागाबाईंना पंतांनी वाचलेलं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

“कान्हू आमचा लेक? अवो, तो त जवाई. घरजवाई. माह्या आजाची बहीन देली होती त्याले. राऊताच्या घरी राह्यला म्हून लोकाईनं राऊत म्हटलं. बुढा मेला अन् माह्या आजानं इहिरीवर काई टोमना मारला, त बायको घेऊन निंघून गेला.”

“त्यानं जमीन सोडली,” भाऊजी म्हणाले. आवाज बारीक.

“जमीन सोडाले ते त्याची पाह्यजे ना, भाऊ.”

आतल्या दाराशी रखमा उभी होती. ती हसली नाही, पण आत जाऊन तव्यावर भाकर टाकल्याचा आवाज आला, जोरात.

तुम्हाला सांगते, मला तिथेच उठून नाचावंसं वाटलं. बहिणीच्या वंशातला मुलगा, भावाच्या वंशातली मुलगी. मामाच्या घरची लेक म्हणजे तर हक्काची सोयरीक. पण भाऊजींनी हात धुतले आणि विहिरीकडे जाऊन पाठमोरे उभे राहिले. पाट लावायचा तर जातीच्या पंचांपुढे हे सांगायचं कोणी? घरच्या कर्त्या पुरुषाने. बाईचं पंचात कोण ऐकतं? आणि घरजावई म्हणजे काय ते तुम्ही जाणता. आपल्याकडे त्याला घरचा बैल म्हणतात, पोळ्याला तेवढी झूल. ज्या गोष्टीवर बैलांचा पहिला मान मिळवला, ती गोष्ट सगळ्या वाडीपुढे स्वतःच्या तोंडाने मोडायची. काका शेतावरून आला, ऐकून खूश झाला, पण तोही म्हणाला, पंचात सांगा म्हणजे झालं. भाऊजी हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

परतीच्या वाटेवर ते एक शब्द बोलले नाहीत. गाडीत नाही, अकोल्याच्या स्टेशनावर नाही. मी दोनदा विषय काढला, दोनदा त्यांनी डोळे मिटले. मूर्तिजापूर आलं नि गेलं. मला बसवेना, उभं राहवेना. अनोळखी बायकांना मी माझं सगळं सांगितलं असतं, पण त्या दिवशी नेमक्या मला मुक्या भेटल्या.

बडनेऱ्याला उतरलो. छकडा यायचा होता. फलाटावर गाठींचा ढीग, त्याच्या सावलीत चार गाडीवान बसलेले. एकाने भाऊजींना चिलीम पुढे केली आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, “कोन म्हनाचे?”

“राऊत.”

“कोनते राऊत?”

भाऊजींनी चिलीम तशीच हातात धरली, ओढली नाही.

“घरजवायाचे,” ते म्हणाले.

गाडीवान एकमेकांकडे पाहू लागले. चेष्टा की खरं, त्यांना कळेना. एक जण म्हणाला, “म्हंजे सासऱ्याच्या भाकरीवर पोसलेले म्हना ना.”

“हो. आजानं तथची भाकर खाल्ली, तथचं पानी पेला, नाव भी तथचंच आनलं.” मग त्यांनी चिलीम ओढली. “अन् आता मी तथूनच सून आनून राह्यलो.”

गाडीवान हसले. भाऊजीही थोडे हसले. मी पदर तोंडाला लावून गाठींवरची अक्षरं वाचत राहिले, एकही लागेना.

घरी पोचलो तेव्हा मोट चालू होती. भाऊजी जोडेही न काढता थेट गणपतकडे गेले. मी बांधावरच थांबले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, फक्त मोट मधेच थांबली, बैल उभे राहिले, आणि पाटातलं पाणी हळूहळू निथळून गेलं. पंचांत सांगायचं अजून आहे. त्याची मला आता भीती नाही. जे बडनेऱ्याच्या गाडीवानांना सांगता आलं, ते वाडीला सांगता येईल. पोळ्याचा मान राहील की जाईल, ते बैलांनी बघावं.

पण माझी तगमग सगळी शमलेली नाही. जिच्या पायी कान्हू त्या घरात राहिला आणि जिला घेऊन तो निघाला, तिचं नाव काय होतं? निघताना मी भागाबाईंना विचारलं होतं. त्यांना ठाऊक नव्हतं. सरकारच्या आकड्यात मी तरी आहे, ती त्या बायका तीनमधली कुठली, तेही कळत नाही. एवढा प्रवास करून माझ्या लेकाची पणजी मला सापडली आणि नावाने हाक मारता येईना.

मी एक ठरवलं आहे. पाटाच्या दिवशी आमच्या दारच्या खांबाला शमीची डहाळी बांधीन आणि तिच्या शेजारी जांभळाची. पाटाला देवक बसवत नाहीत आणि दोन देवकं एका खांबाला चालत नाहीत, मला ठाऊक आहे. कोणी विचारलंच तर सांगेन, माळ्याचं घर आहे, हिरवं दिसलं ते बांधलं.