राहिलेलं वचन

पाळकांनी अध्याय सांगितला की आमच्या चर्चच्या मंडळीत पानांची सळसळ होते. ज्याचं त्याचं बायबल ज्याच्या त्याच्या मांडीवर. उपासनेतल्या गाण्यांहूनही मला तो आवाज आवडतो.

परवाच्या रविवारी पाळक क्षमेविषयीचा भाग वाचत होते. वाचन संपवून ते उपदेशाला सुरुवात करणार, तोच माझ्या शेजारच्या सगुणामावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "साहेब, एक वचन वाचायचं राहिलं. आपण माफ केलं नाही तर देवही आपल्याला करणार नाही, ते."

ते वचन नजरचुकीने सुटलं की जड वाटलं, देव जाणे. पाळकांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं वर्षभर बोलणं नाही, हे साऱ्या मंडळीला ठाऊक आहे. पाळकांनी चष्मा पुसला, पानावरचं बोट मागे नेलं. "बरोबर आहे, मावशी," म्हणाले आणि ते वचन वाचलं, अगदी सावकाश, स्वतःलाच ऐकवल्यासारखं.

मंडळीचं बळ मी आजवर नव्या छतात नि भरलेल्या बाकांत शोधत होतो. एका म्हातारीनं पाळकांना थांबवावं आणि त्यांनी थांबावं, याहून मोठं मी तिथे काही पाहिलं नव्हतं. त्या क्षणी ते पुस्तक दोघांहूनही मोठं होतं.

मी मावशींच्या मांडीकडे पाहिलं. त्यांना वाचता येत नाही. जन्मभर त्या नुसतं ऐकत आल्या आहेत. मांडीवरचं बायबल उघडं होतं, आणि उलटं धरलेलं.