शिपाईमामांच्या मृत्यूचा रकाना

बुधवार, सकाळी दहा चाळीस. चौथीच्या बाई एकतिसाव्या वहीवर होत्या. ‘राजा फार शूर होता’ हे वाक्य त्यांनी लाल पेनाने खोडलं आणि समासात लिहिलं, ‘कोण म्हणतं?’

शिक्षिका होण्याआधी चार वर्षं त्या छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. लाल पेन आणि संशय, दोन्ही तिथलेच. सासूबाई भाजीत मीठ जास्त झालंय म्हणाल्या, तरी ही विचारते कशावरून, अशी त्यांच्या जाऊबाईंची तक्रार आहे.

गेली अकरा वर्षं दर गुरुवारी तिसऱ्या तासाला त्या मुलांना इतिहासातल्या माणसांची चरित्रं लिहायला शिकवतात. नियम एकच: साक्षीदार किंवा कागद नसेल, तर ते वाक्य नाही. त्यामुळे बहुतेक राजांची मुलांच्या हाती फक्त जन्मगावं उरतात. मुख्याध्यापकांना हा तास गणिताला हवा होता. निर्णय आज साडेअकराला येणाऱ्या तपासणी अधिकाऱ्यांच्या हातात होता.

वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे वकीलबाई म्हणतात. राजेराण्यांचे साक्षीदार एकजात वारलेले, म्हणून तिने शाळेचे शिपाईमामा निवडले. ते ऐतिहासिक कसे, तर व्हरांड्यातल्या तेहतीस वर्षांच्या तेहतीस फोटोंत कडेला तेच उभे आहेत. बाईंना हरकत घेता येईना.

प्रत्येक चरित्राच्या तक्त्यात पाच रकाने होते: जन्म, बालपण, काम, अडचणी, मृत्यू. तपासणीला एकही रकाना मोकळा दिसता कामा नये, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. शेवटच्या रकान्यासाठी वकीलबाई थेट मामांकडे गेली. मामांनी आजवर कुणाला रिकाम्या हाती परत पाठवलेलं नाही. त्यांनी डोकं खाजवलं आणि गेल्या वर्षीची सतरा जुलै देऊन टाकली. तिने हजेरीचं मस्टर पाहिलं. त्या दिवशी मामा गैरहजर होते. म्हणजे साक्षीदार खुद्द, आणि वर कागदही.

बाईंनी तारीख खोडली. अठरा जुलैला मामांची सही आहे, हे तिला दाखवलं. वकीलबाईला ते पटलं, पण मग खरी तारीख तुम्हीच आणून द्या, असं ती म्हणाली.

मुख्याध्यापकांना ती लाल खाडाखोड बघवेना. त्यांनी कारकुनाकडून तक्ता सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला, सतरा जुलैसकट, आणि व्हरांड्यात लावला.

साहेब आले ते त्याच तक्त्यापुढे थांबले. तेहतीस वर्षांत एकही मूल फाटकाबाहेर एकटं जाऊ दिलं नाही, हे वाचून त्यांनी चष्मा काढला आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सगळी शाळा उभी राहिली. चहाचा ट्रे घेऊन आलेले मामाही उभे राहिले. चहावर साय धरली.

“तुम्ही ओळखत होता त्यांना?” साहेबांनी मामांना विचारलं.

“जवळून,” मामा म्हणाले.

“कसे होते?”

“चहा गार झालेला त्यांना आवडायचा नाही.”

साहेब बाईंकडे वळले. असा तास बंद करणं पाप होईल म्हणाले आणि शेरा लिहायला पेन उघडलं. मुख्याध्यापक छताकडे बघत होते. बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं.

“साहेब, शेवटच्या रकान्यातलं खोटं आहे. मी ते खोडलं होतं.”

“कशावरून?”

बाईंनी ट्रे धरलेल्या माणसाकडे बोट केलं. साहेबांनी मामांकडे नीट पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोंकडे. मामांची साक्ष त्यांना चालेना. मृत्यूची साक्षही मामांनीच दिली होती. शेवटी वकीलबाई मस्टर घेऊन आली. अठरा जुलैची सही साहेबांनी मामांच्या ताज्या सहीशी ताडून पाहिली. सही करेपर्यंत ट्रे मुख्याध्यापकांनी धरला.

शेरा असा पडला: ‘तास सुरू ठेवावा. चरित्रनायक हयात असल्याची खात्री दर आठवड्याला लेखी करून घ्यावी.’

उद्या गुरुवार. तिसरा तास अकरा वीसला सुरू होतो. त्याआधी दहा मिनिटं वकीलबाईने मामांची सही आणायची आहे.