जस्ताचा मोनोग्राम

बाबांचं नांदेडला क्रोम पॉलिशचं छोटं दुकान आहे. बी.एस्सी.चे तास संपले की मी तिथेच जाते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे माझ्या अभ्यासाबद्दल बाबा फारसं विचारत नाहीत. दुकानातलं काम मात्र समजावून सांगतात. त्या दुपारीबद्दल मी लिहावं की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. तरी लिहिते.

लातूरहून एक जुनी काळी अँबॅसिडर आली होती. मालक पन्नाशीला टेकलेला, मागच्या सीटवर त्याची म्हातारी आई. मालकाच्या मुलाचं लग्न होतं आणि नवरदेव आजोबांच्याच गाडीतून निघणार होता. बॉनेटवरचा मोनोग्राम म्हणजे पसरलेले दोन पंख. त्यावरचा क्रोम उडून राखाडी धातू उघडा पडला होता, आणि एका पंखाचं टोक मोडलं होतं.

"मायनं झिजवला," मालक हसत म्हणाला. "दसऱ्याला सगळे गाडीला फुलं वाहतेत, ही चिंच अन् राख घेऊन घासत बसती. देवाचा तांब्याच जणू!"

बाबा खिडकीशी वाकले. "माय, चिंचेनं क्रोम जातो. हे तांबं-पितळ न्हाई."

"ठावं हाय मला," म्हातारी म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

बाबांनी मोनोग्राम उतरवून माझ्या हातात दिला. "जस्ताचा हाय. पितळेचा असता तर जुना क्रोम काढायला तेजाबात टाकला असता. ह्याला तेजाब खाऊन टाकतं. हातानंच घास."

मी पॉलिश पेपर घेऊन मोडक्या पंखापासून सुरुवात केली. तेवढ्यात दारात मोटारसायकल आडवी लावून एक माणूस आत शिरला. मालकाचा थोरला भाऊ. तरुणपणीच घर सोडून तो नांदेडला आला होता, हे मला नंतर कळलं. लग्नाचं आमंत्रण देताना धाकट्याने मोनोग्राम आमच्या दुकानात आणणार असल्याचंही त्याला फोनवर सांगितलं होतं.

"आण इकडं ते," म्हणत त्याने मोनोग्राम माझ्या हातातून हिसकावला. त्याची कड माझ्या तळव्याला कापून गेली.

"दादा, आबाची आठवण हाय ती!"

"तुला काय आठवतंय रे? पाळण्यात होतास तू."

धाकट्याने त्याची कॉलर धरली. "आबा मेला तवा आला न्हाईस, अन् आता हक्क सांगून राहिलास?"

थोरल्याने त्याला अशी थप्पड मारली की पॉलिशच्या मोटरच्या आवाजातही ती ऐकू आली. मग त्याने धाकट्याचे केस मुठीत धरले आणि त्याचं तोंड बॉनेटवर आपटलं, मोनोग्रामची भोकं होती नेमकं तिथेच. पुन्हा आपटलं. बाबा मधे पडले तर त्यांना कोपराने मागे ढकललं.

"आबानं अशी धरली होती मायला! भाजी खारट झाली म्हणून! बघ, अशी! पंख कशानं मोडला वाटतं तुला?"

धाकट्याच्या नाकातून रक्त येत होतं, काळ्या पत्र्यावरून त्या भोकांत उतरत होतं.

गाडीचं दार उघडलं. म्हातारी खाली उतरली. तिच्या भुवईवर जुनी खोक होती. मघाशी पदरामुळे ती दिसली नव्हती.

"सोड त्याला," ती थोरल्याला म्हणाली. "तू बी त्याच्यावाणीच करून राहिलास."

त्याची मूठ सुटली. तिने हात पुढे केला तसा त्याने मोनोग्राम तिच्या हातावर ठेवला. ती माझ्याकडे वळली. "पोरी, तुझा बाप म्हणला, कायतरी खाऊन टाकतं. कुठंय ते?"

मी बाबांकडे पाहिलं. ते टाकीच्या वाटेतून बाजूला झाले. मी तेजाबाच्या टाकीवरचं झाकण काढलं.

तिने तो आत सोडला. क्षणात फेस उसळला, धूर नाकाला झोंबला. हाच प्रयोग आम्ही कॉलेजात परीक्षानळीत केला होता, जस्ताच्या एवढ्याशा तुकड्यावर. तिथे तो इतका भीतीदायक वाटला नव्हता.

"मागं सरा माय, डोळे जळतील," बाबा म्हणाले.

"सरते. सरू दे आधी ते."

ती स्टूल ओढून बसली. धाकटा नाकाला रुमाल लावून तिच्या पायाशी आला. "मला कुणी सांगितलंच न्हाई गं."

"सांगून काय केलं असतंस? चिंच आणून दिली असतीस."

दुकानाच्या पत्र्यावरचं ऊन उतरेपर्यंत फेस उसळत राहिला. मग बाबांनी लांब चिमटा फिरवून पाहिला. त्याला काळा गाळ तेवढा लागला. म्हातारीने वाकून स्वतः खात्री करून घेतली.

बॉनेट पुसायला मी ओला फडका घेतला. तिने तो माझ्या हातातून घेतला. आधी धाकट्याचं नाक पुसलं, मग थोरल्याची बोटं, एकेक करून. मग माझा तळवा उलटवून पाहिला आणि फडका त्यावरच बांधला.

बॉनेट तसंच राहिलं. गाडी तशीच लातूरला गेली.