सासूच्या नावावरचं दुखणं

गडहिंग्लज डेपोत निर्मला वाहक म्हणून लागली त्याला आता चौदा वर्षं होतील. या चौदा वर्षांत तिनं सुट्ट्या पैशांवरून भांडणाऱ्या पावण्यांना गप्प केलं, पिऊन चढलेल्यांना मधल्याच फाट्यावर उतरवलं, आणि एकदा तर चालत्या गाडीत एका पोरीचं बाळंतपण निभावून नेलं. बाई तोंडाची खमकी. फक्त एका गोष्टीचं नाव तिच्या तोंडून कधी निघालं नाही, आणि ती गोष्ट दिवसभर तिच्या पुढं पुढं चालायची.

निर्मलाची छाती फार जड होती. वाक्य एवढंच आहे, पण ते बोलायला तिला एक्केचाळीस वर्षांची व्हावं लागलं. मान आणि पाठ ठणकायची. खांद्यांवर पट्ट्यांच्या खाचा पडल्या होत्या, बोट ठेवलं तर बोट बसावं एवढ्या. त्यात तिकिटाच्या बॅगेचा पट्टा नेमका तिथूनच जायचा. बाजाराच्या दिवशी भरल्या गाडीतून वाट काढताना ती अंग चोरून तिरकी चालायची, तरी चार माणसं मुद्दाम वाट अडवून उभी राहायचीच. एकदा गारगोटीच्या गाडीत मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "बाईस्नीच दोन तिकिटं लागत्यात की!" सगळी गाडी खदखदून हसली. एरवी असल्या माणसाची कॉलर धरणारी निर्मला त्या दिवशी काचेतून बाहेर बघत राहिली. लाज त्यानं सोडली होती आणि मान हिची खाली गेली. आपल्याकडं हे असंच चालतं.

उन्हाळ्यात तर हाल कुत्रा खात नसे. छातीखाली घाम साचायचा, कातडी सोलून निघायची, खाज सुटायची, वास यायचा. शेवटी एका रविवारी ती डॉक्टर सोमशेखर यांच्या दवाखान्यात गेली. दवाखाना म्हणजे एक खोली आणि मधे एक पडदा. पडद्याआड कोण काय बोललं ते बाहेरच्या बाकड्यावर सगळ्यांना ऐकू येणार. आणि बाकड्यावर त्या दिवशी तिच्याच डेपोचे दोन ड्रायव्हर बसलेले.

"बोल, काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

निर्मलाच्या तोंडून निघून गेलं, "मला न्हाय, आमच्या अव्वाला. घामानं चट्टं उठल्यात. काखंत, मानंखाली."

अव्वा म्हणजे तिची सासू, गौरव्वा. म्हातारीला खाज सुटली तर कोण हसणार, असा निर्मलाचा विचार. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, वर नाव घातलं गौरव्वाचं. एकदा नाव लागलं ते लागलं. पुढं नऊ वर्षं मलम, पावडर, गोळ्या, सगळं गौरव्वाच्या नावानं आलं आणि निर्मलानं न्हाणीचं दार लावून वापरलं. नवरा बसवराज पतसंस्थेत क्लार्क. माणूस भला, पण भल्या माणसालासुद्धा सगळं सांगवतं असं नाही.

इथवर ठीक होतं. पण चिठ्ठ्या जायच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात, आणि दुकानात दुकानदाराशेजारी त्याची बायको शांतक्का बसायची. हीच शांतक्का मठातल्या प्रसादाच्या स्वयंपाकाची कारभारीण.

गौरव्वाला आयुष्यात मिरवायला एकच गोष्ट होती, तिच्या हातची होळगी, म्हणजे पुरणपोळी. मठाच्या वर्षाच्या प्रसादाला कणीक मळायचा मान तिचा. परातीपुढं पदर खोचून बसली की बाकीच्या बायका नुसत्या बघत. सहा वर्षांपूर्वी प्रसादाच्या दिवशी शांतक्कानं तिच्या पुढ्यातली परात हळूच ओढून घेतली. "अव्वा, तुम्ही बसा निवांत. वय झालं आता."

गौरव्वा घरी आली. चुलीपुढं बसून तिनं दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले, तळवे बघितले, नखं बघितली. मग सुनेला म्हणाली, "माझ्या हातास्नी काय झालंय गं? मी पाणी द्याय गेलो तर कुणी तांब्या घेईना."

निर्मलाला सगळं कळलं. चिठ्ठ्यांवरचं नाव दुकानातून मठात पोचलं होतं. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "वय झालं म्हणून म्हणत असतील, अव्वा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. आणि इथं चोर घरातच बसून भाकऱ्या भाजत होता. त्या दिवसापासून गौरव्वा मठात गेली तरी खांबाला टेकून बसायची आणि प्रसाद पानात पडेल तेवढा खाऊन यायची. निर्मला दर वर्षी ते बघायची आणि दर वर्षी ठरवायची की उद्या सांगू. सहा वर्षं तिचा उद्या काही उजाडला नाही.

यंदा फेब्रुवारीत कोल्हापूरच्या गाडीवर असताना निर्मलाची बोटं बधिर झाली आणि तिकिटाचं मशीन हातातून निसटून खाली पडलं. डेपोतून तिला तपासणीला धाडलं. हाडांच्या डॉक्टरांनी मान बघितली, खांद्याच्या खाचा बघितल्या, भारानं शीर दबतेय म्हणाले आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका प्लास्टिक सर्जन बाईंकडं पाठवलं. प्लास्टिक सर्जरी म्हटल्यावर निर्मला हबकलीच. ती सिनेमातल्या बायका नाक नीट करायला करतात, वाहकीण कशाला करील?

डॉक्टरीण बाईंनी दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं, "छातीच्या वजनाचा त्रास किती वर्षं आहे?"

असं थेट कुणी विचारलंच नव्हतं. निर्मला हुंदके देऊन रडली. बाईंनी रडू दिलं, मग समजावलं. छातीचं वजन कमी करायचं ऑपरेशन करता येतं. नुसतं चांगलं दिसायला करायचं असेल तर विमा एक रुपया देत नाही. पण भाजल्यावर, अपघातानंतर, कॅन्सरनंतर किंवा शरीराला खराच त्रास आहे असं कागदानं दाखवलं तर देतो. बसवराजच्या पतसंस्थेनं नोकरांच्या घरच्यांचाही विमा उतरवलेला होता. ऑपरेशन झालं तर नोकरी राहील, नाहीतर ही बोटं पुन्हा मशीन धरतील याची खात्री बाई द्यायला तयार नव्हत्या.

फोटो काढायचे होते. नर्स म्हणाली, गळ्यातलं सगळं काढून ठेवा. निर्मलानं मंगळसूत्र काढलं, पण गळ्यातलं इष्टलिंग लिंगायतानं अंगावेगळं करायचं नसतं. तिनं ते मुठीत धरलं आणि हात बाजूला केला. समोरून, डावीकडून, उजवीकडून. लाजेनं तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उघड्या अंगानं, मुठीत देव धरून उभं राहायची वेळ शत्रूवरसुद्धा येऊ नये.

आठ दिवसांनी इस्पितळातल्या विम्याच्या खिडकीवरची स्वप्नाली म्हणाली, "मॅडम, कंपनीनं शंका काढलीय. इतकी वर्षं त्रास आहे म्हणता, मग आधी उपचार घेतल्याचे कागद कुठं आहेत? तुमच्या नावावर एकच नोंद दिसते, तीही पित्ताची. खाजेचं, मलमांचं काहीच नाही?"

"हाईत की," निर्मला म्हणाली, आणि तिथंच थांबली.

कागद तर ढीगभर होते. सगळे गौरव्वाचे.

ती डॉक्टर सोमशेखर यांच्याकडं गेली. पडद्याआड, दबक्या आवाजात, तरी सगळ्या बाकड्याला ऐकू जाईल असं तिनं एकदाचं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "चूक माझीबी हाय," ते म्हणाले. "न बघता लिहीत गेलो. तुला तपासून खरं काय ते पत्र देतो. पण हे सगळं अव्वाच्या नावावर हाय. तिला घेऊन ये. तिला न इचारता मी एक अक्षर लिहिणार न्हाय."

घरी गौरव्वा सोप्यात शेंगा फोडत बसली होती. निर्मला तिच्या पुढ्यात बसली, दोन शेंगा उचलल्या, फोडल्या नाहीत. मग खाली बघून सगळं सांगितलं. छातीचं, खाजेचं, चिठ्ठ्यांचं. शांतक्काचंही. सांगताना तिला वाटत होतं म्हातारीनं उठून थोबाडीत द्यावी, म्हणजे निदान काहीतरी फिटेल.

गौरव्वाचे हात थांबले होते. तिनं ते पुन्हा उलटे करून बघितले, त्या दिवशी बघितले होते तसेच.

"म्हणजे माझ्या हातास्नी काय न्हवतं," ती म्हणाली.

"न्हाय अव्वा."

"आणि तुला ठावं हुतं."

"व्हय."

गौरव्वानं मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हातारी म्हणाली, "तू मला इचारलं असतंस, तर मी दिलं असतं की नाव. सुनंची अब्रू राहत असंल तर माझ्या नावाला खाज लागली म्हणून काय झालं? मठात ताठ मानेनं बसलो असतो मी, ठावं असतं तर. तू नुसतं घेतलंस. मला सहा वर्षं हात बघाय लावलंस."

ती शिव्या देती तर निर्मलानं सोसल्या असत्या. हे तिच्यानं सोसवेना. तिनं सासूचे पाय धरायला वाकावं तर गौरव्वानं पाय मागं घेतले आणि शेंगांचं सूप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मात्र ती आपण होऊन नेसून तयार झाली. दवाखान्यात तिनं बाह्या वर सारून हात दाखवले, मान दाखवली, आणि अख्ख्या बाकड्याला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "डॉक्टर, बघा नीट. मला काय न्हाय. जे हाय ते हिला हाय. ल्ह्या." येताना ती सुनेच्या चार पावलं पुढं चालली.

पत्र गेलं, कंपनीनं मंजुरी दिली, मार्चअखेर ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर निर्मलानं पहिला श्वास घेतला तो इतका हलका होता की तिला पुन्हा लाजच वाटली. हे सुख तिला गौरव्वाच्या जिवावर मिळालं होतं.

बसवराजनं विचारलं, अव्वासाठी लुगडं घ्यायचं का. निर्मला म्हणाली, "लुगड्यानं फिटणारं न्हाय ते."

मठाचा प्रसाद मे महिन्यात होता. स्वयंपाकघरात वीस-बावीस बायका, डाळ शिजत ठेवलेली, शांतक्का पीठ चाळत होती. गौरव्वा नेहमीसारखी बाहेर खांबाला टेकून बसलेली. निर्मला आत गेली. गाडीत पुढच्या थांब्याचं नाव घेते तो तिचा आवाज, पण पहिल्यांदा तो फुटलाच नाही. दुसऱ्यांदा फुटला.

"शांतक्का, ती औषधं अव्वाची न्हवती. माझी हुती. माझ्या छातीखाली खाज हुती, लाज वाटली म्हणून मी अव्वाचं नाव सांगितलं. नऊ वर्षं."

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतक्कानं चाळण खाली ठेवली आणि तिच्याकडं न बघता दाराकडं बघितलं. दारात गौरव्वा उभी होती.

तिनं पदर खोचला, नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि परातीपुढं बसली. कुणीतरी मुकाट्यानं पीठ ओतलं. पाणी घालायला निर्मला तांब्या घेऊन वाकली.

"ऱ्हाऊ दे," गौरव्वा म्हणाली. "शांतक्का घालंल पाणी."

निर्मला तांब्या तिथंच ठेवून बाहेर आली आणि सासू बसायची त्या खांबाला टेकून बसली.