गजांबाहेरचा दंड
ये गो, अशी जवळ बस. नेहमी दारातूनच परत जातेस, हे बरं नव्हे. आज कडुनिंबाच्या पाल्याचा वास आला आणि धामापूरकडचं ते घर आठवलं. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता तेव्हाची गोष्ट. मी एका साप्ताहिकात गावोगावच्या आजारपणांवर लिहायचे. त्या घरात कुणाला देवी आल्यात असं कळलं, म्हणून विचारायला आत शिरले, तर घरच्या म्हातारीनं मागून कडी घातली. "देवी जायसर आता भायर पडाक गावाचा नाय, बाय." म्हणजे देवी जाईपर्यंत आत आलेल्यानं बाहेर पडायचं नाही. वाकळीवर तिची सून तापानं फणफणलेली, दारावर निंबाचे डहाळे, देवी कोपेल म्हणून चुलीवर फोडणी बंद, आणि कोपऱ्यात लस न टोचलेली लहान नात. मला देवी होणार नाहीत हे पटलं तर सोडतील, म्हणून मी दंडावरचे लस टोचल्याचे वण दाखवले. म्हातारी हसली, "तुका देवी आधीच भेटली मा, मगे भियातस कित्याक? ऱ्हव." नातीला लागण होईल, याचीच मला धास्ती होती. दुसऱ्या दिवशी लस टोचणारा पाणंदीनं जाताना खिडकीतून दिसला, तशी मी हाक मारली आणि म्हातारीला म्हटलं, "माझ्यासारखी खूण पोरीलाही होऊ दे." ती बराच वेळ माझ्या वणांवरून बोट फिरवत राहिली. "दार उघडूचा नाय," ती म्हणाली आणि नातीचा दंड खिडकीच्या गजांतून बाहेर धरला. पोरीला देवी आल्या नाहीत. सून उठेपर्यंत मी मात्र आतच. तेव्हापासून कडी लावलेलं दार मला सोसत नाही. माझं उघडंच असतं, बाय. पुन्हा लवकर ये, आणि सरळ आत ये.