मावशीच्या हातातला कप्पा

मृतांच्या स्मरणदिनी वसईच्या आमच्या ख्रिस्ती दफनभूमीत वाऱ्याने मेणबत्त्या विझत होत्या. जागा अपुरी, म्हणून जुन्या कबरी उकरून पुन्हा वापरतात. शेजारच्या रोजमावशीच्या मुलाची हाडं परवाच काढून भिंतीतल्या कप्प्यात ठेवली होती.

"देहाचं पुनरुत्थान म्हणजे माणूस आठवणीत जिवंत राहतो, मावशी," तिची भाची समजुतीने म्हणाली. "आताच्या काळात असाच अर्थ घ्यायचा."

"आठवण आहेच गं माझ्याकडे," कप्प्यावरची धूळ पुसत मावशी म्हणाली. "मला तो हवाय. दर रविवारी देवळात ‘देहाच्या पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे’ असंच म्हणतो ना आपण?"

मी मुलांना धर्मशिक्षण देते. मेलेले पुन्हा उठतील याचा पुरावा माझ्याकडेही नाही. पण शब्द तेच ठेवून त्यांतला माणूस काढून घेतला, तर मावशीच्या हाती नुसता कप्पा उरतो.